ओळख पटवताना

पडद्यावर आई दिसली आणि चिमणीनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

चिमणी हे निवारागृहातल्या बायकांनी ठेवलेलं नाव. ती सीमेपलीकडची. चांगली नोकरी लावतो म्हणून कुणीतरी तिला भर बाजारातून गाडीत बसवलं, ते थेट इकडच्या एका शिवणकारखान्यात आणून कुलपात टाकलं. छापा पडला तेव्हा सुटली. खायची चिमणीएवढं, बोलायची त्याहून कमी. घरी जायचंय, एवढं मात्र रोज म्हणायची. पण दोन सरकारांचा पत्रव्यवहार गोगलगायीच्या चालीनं चालला होता. शेवटी अशा मुलींना परत पाठवायचा करार झाला, तेव्हा निवारागृहाच्या ताई हसून म्हणाल्या होत्या, दोन्ही घरची माणसं एकदाची राजी झाली बाई, आता तुझी पाठवणी.

फक्त घरच्यांनी तिला आणि तिनं घरच्यांना ओळखायचं राहिलं होतं. पलीकडच्या सरकारनं या कामावर नेमलेले साहेब स्वतः तिच्या घरी गेले होते. तिकडची सगळी प्रकरणं त्यांच्याच हातून जायची. फोन खिडकीत टेकवून ते आईशेजारी उभे राहिले. धाकट्या बहिणीच्या डोक्यावर मायेनं हात ठेवला. घाबरू नका, ओळख पटली की मी स्वतः नाक्यावर घ्यायला येतो, असं त्यांनी चिमणीला सांगितलं.

आई रडतच म्हणाली, हीच माझी लेक, किती वाळली हो.

"आणि या तुमच्या आई ना?" साहेबांनी विचारलं.

चिमणी बराच वेळ बहिणीकडे बघत राहिली. पोर केवढी उंच झाली होती.

"नाही," ती म्हणाली. "मी या बाईंना ओळखत नाही."

साहेबांनी समजूतदारपणे मान हलवली. फोन बंद झाला.

ताईंचा मात्र तोल गेला. जन्मदातीला तोंडावर नाकारलंस, आता कुठलं सरकार तुला दारात उभं करणार, असं बरंच काही त्या बोलल्या. चिमणीनं सगळं ऐकून घेतलं. ताई दमून शेजारी बसल्या, तेव्हा ती हळूच म्हणाली,

"ताई, मला न्यायला ते साहेब येणार होते ना? गाडीत बसवलं तेही त्यांनीच."