चाचणीचा मेल

धम्मशीला चिखलीच्या घरी बसून एका पेन्शन कार्यालयाचा मेल गेटवे उभा करत होती. चार सर्व्हरवरचे सगळे मेल आता या एकाच दारातून बाहेर जाणार होते. ती वडिलांना म्हणाली, "आबा, चाचणीसाठी कायबी लिहा. फक्त मलेच येते."

सहदेव साठीनंतर अक्षरं शिकले होते. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी जे लिहून द्यावं लागे, तेच त्यांनी एका बोटानं लिहिलं, 'मी हयात आहे', आणि बटण दाबलं.

धम्मशीलाचा चेहरा उतरला. "आबा, चाचणीची यादी लावाची राह्यली! कार्यालयाच्या नावानं सहा हजार पेन्शनरायले गेला. नोकरी गेली माही!"

"मले काऊन लिहाले लावलं वं बाई?" सहदेवांनी कीबोर्ड दूर सारला.

दोघं स्क्रीनकडे बघत बसले. पहिलं उत्तर आलं. तासाभरात नऊशे झाली. धम्मशीलानं भीत भीत एकेक उघडलं. तक्रार एकाचीही नव्हती.



सगळ्यांनी एकच लिहिलं होतं, "साहेब, मीबी हयात आहो. पेन्शन बंद करू नका."