मास्तरांचं मुसकं

बुधवारी सकाळी साडेआठ वाजता म्हादूची बायको फुला विहिरीवर चक्कर येऊन पडली. अंग विस्तवासारखं तापलं होतं. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत आडवी झालेली वाडीतली ती चौथी बाई.

देवळाच्या ओसरीवर रामचंद्र मास्तर एकवीस मुलांना बाराखडी शिकवत होते. साल १९१८, दसरा नुकताच झालेला. दोन कोसांवरच्या गावचे मास्तर आठ दिवसांपूर्वी याच तापाने गेले. पोरांच्या खोकल्यानं गेले, असं सगळे म्हणत. तेव्हापासून रामचंद्र मास्तरांची झोप उडाली होती. खानापुरात त्यांची बायको होती, दोन लहान लेकी होत्या.

त्यांनी शाळेची रीतच बदलली. मुलं हातभर अंतरानं बसवली. थुंकीनं पाटी पुसायला बंदी केली. मुलांचं बोट धरून गिरवणं बंद, वेताच्या छडीनं लांबूनच धुळीत अक्षर काढायचं. आणि नाकातोंडावर रोज एक धुतलेलं, जुन्या धोतराचं चौपदरी फडकं.

पहिल्या दिवशी सहा वर्षांच्या बाळीनं विचारलं होतं, "मास्तर, तुमी खळ्यावरचं भात खाशीला म्हणून मुसकं बांधलंय व्हय?"

मळणीच्या बैलाला बांधतात ते मुसकं. पोरं लोळून हसली. नाव पडलं ते पडलंच. मुलं खोकत, शिंकत, दोन दिवसांत बरी होत. मास्तरांना शिंकसुद्धा आली नव्हती.

म्हादू ओसरीच्या पायरीशी आला तो तापावरचं कोयनेल मागायला. मास्तरांनी पुडी लांबूनच पायरीवर ठेवली.

"मास्तर, ही मानमोडीबी तुमच्यासारखी पाळीनंच जेवती बघा," म्हादू म्हणाला. "बेस्तरवारी तुमी रुक्मिणीकडं जेवला, ती शनवारी पडली. मग पारू, मग तुळजा. सोमवारी आमच्यात जेवला, आज आमची पडली. तुमच्या मागनं दोन दिसांनी येती, खरकटं काढल्यागत."

"रविवारी मी तुकारामाकडे जेवलो," मास्तर घाईनं म्हणाले. "तिथं कुठं कोण पडलंय?"

"तेचा देव बळकट," म्हादू म्हणाला आणि पुडी उचलून घराकडे पळाला.

मास्तर छडी हातात धरून तसेच उभे राहिले. वाडीनं त्यांना पाळीनं पोसायचं ठरवलं होतं. रोज एक घर. त्या घरात शाळेचं मूल असो वा नसो, पाळी कुणाला चुकत नसे. दोन वेळचं जेवण, अंघोळीला ऊन पाणी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे कपडे धुणं. म्हादूला मूलबाळ नव्हतं. फुला शाळेकडे कधी फिरकली नव्हती. ताटावर म्हादू त्यांच्या शेजारी बसला होता, त्याला काही झालं नाही. पडली ती फुला. त्याआधीच्या तिघीही बायकाच.

रविवारी शाळेला सुट्टी होती.

मास्तरांचा हात तोंडाकडे गेला आणि मध्येच थांबला. फडकं त्यांच्या श्वासानं ओलं झालं होतं. समोर एकवीस पोरं दिवसभर त्यावर खोकत होती. शाळा सुटली की मास्तर ते दोन बोटांनी काढत, धुण्याच्या ढिगावर टाकत आणि राखेनं हात धूत. पुन्हा त्याला शिवत नसत. त्यात काय साठतं, हे वाडीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

मंगळवारची पाळी परशूच्या घरची होती.

"सुट्टी!" मास्तर ओरडले. मुलं पाटी-दप्तर गोळा करेपर्यंत ते ओढ्याच्या वाटेला लागले होते. धोतराचा सोगा काट्यात अडकून फाटला. परशूची बायको केशर ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी होती. दीड महिन्याचं बाळ काठावर टोपलीत निजलं होतं.

"वहिनी, माझं ते कालचं फडकं टाका! हात लावू नका त्याला!"

केशर हसली. "आता वो कशाला, मास्तर? कवाच धुऊन वाळत घाटलं. पर एक सांगू? तुमी गाठ सोडीत न्हाईसा, तशीच डोक्यावरनं काढता. ओली गाठ घट्ट बसती. रुक्मिणक्का म्हणाली ते खरं, दातानं वडल्याबिगर सुटतच न्हाई."



"दातानं?" मास्तरांनी विचारलं.

"मग काय कोयत्यानं तोडू? मास्तराचं कापड ते."

"बाळाला पाजलंत?"

केशरचं हसू मावळलं. तिनं टोपलीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"आत्ताच," ती म्हणाली. "का वो?"

त्या दिवसापासून मास्तर आपलं फडकं स्वतः उकळू लागले. फुला रात्रभर तापात बडबडत होती. गुरुवारी सकाळी सातपर्यंत केशरला ताप नव्हता; पण म्हादूनं सांगितलेला दुसरा दिवस आत्ताच उजाडला होता.