पुराव्याचा खण

"बघ. नीट बघ. हे काय आहे?"

मोहनरावांनी गोदाला कपाटासमोर उभं केलं होतं. हातातलं फरशीचं फडकं खाली ठेवायलाही सवड दिली नव्हती. शिसवी कपाट, छातीइतकं उंच, बारा लहान लहान खणांचं. अकरा खण लखलखत होते. बाराव्याच्या कडेला पाच आडवे चरे होते.

"चरे," गोदा म्हणाली.

"असे चरे सगळ्या खणांना होते! काल माझा अख्खा रविवार त्यात गेला. हा एक पुराव्यासाठी ठेवलाय."

मोहनराव म्हैसूरच्या कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त होऊन चार महिने झाले होते. कोर्ट सुटलं, तरी समोर आरोपी लागायचाच. कुवेंपुनगरच्या त्या घरात बायको सोडली, तर आरोपी व्हायला गोदाच उरत होती. अकरा वर्षं ती तिथे धुणीभांडी, केरफरशी करत होती. मोहनरावांच्या टायफॉइडात उलट्यांची पातेली तिनेच धुतली होती. पण ते शिरस्तेदारांच्या लक्षात नव्हतं. चरे होते.

काम मात्र सुबक केलं होतं, हे कबूल करायला हवं. शिसवाचा भुसा सरसात कालवून त्यांनी एकेक चरा भरला. काचकागद फिरवला. रंग जुळेना म्हणून काफीच्या डिकॉक्शनचा हात दिला, आणि वर लाखेचं पॉलिश चढवलं. घरभर स्पिरिटचा वास सुटला होता. इंदिराबाई दिवसभर गप्प होत्या. बायको गप्प आहे म्हणजे ती खूश आहे, असं मोहनराव चाळीस वर्षं समजत आले होते.

कपाट त्यांच्या वडिलांचं. दत्तोजीराव रंगारी होते आणि या खणांत त्यांचे रंग असत. मुलाच्या हाताला रंग लागू नये म्हणून त्यांनी मोहनला कपाटाजवळ फिरकू दिलं नाही, शिकवून कोर्टात चिकटवलं. सून मात्र दहा वर्षं सासऱ्याशेजारी उभी राहून रंग उकळत होती. वडील गेल्यावर मोहनरावांनी सुताराकडून कपाट घासूनपुसून, खाचाखोचा भरून घेतलं आणि हॉलमध्ये मांडलं. आता त्यात औषधं, किल्ल्या, दोरे, कपड्यांची नीळ असलं किडूकमिडूक असे.

"बांगड्या घासल्यास, की मुद्दाम केलंस?"

"मी तुमचं काही बिघडवलं नाही, यजमानरे."

"म्हणजे चरे तू पाडले नाहीस?"

गोदाने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. 

"नाही म्हण की! म्हणवत नाही ना? साकु, पुरे झालं! उद्यापासून यायचं नाही."

गोदाचा चेहरा लाल झाला. तिने फडकं बादलीत आपटलं. "नाही येत. पण चोरासारखं उभं करून विचारू नका. अकरा वर्षांत या घरातली टाचणी उचलली नाही मी."

तेवढ्यात इंदिराबाई पाण्याचा पेला आणि कागदाची पुडी घेऊन आल्या. वैद्यांचं चूर्ण रोज या वेळेला असे.

"तिला कशाला बोलता? आधी चूर्ण घ्या, मग मी सांगते."

मोहनरावांनी पुडी हिसकावलीच. नजर गोदावर रोखलेली ठेवून ती उलगडली आणि मान मागे टाकून तोंडाशी नेली.

"बेडा! नको, नको!" गोदा ओरडली आणि तिने त्यांच्या हातावर फटका मारला.

पुडी उडाली. बोटं, सदरा, पायाखालची फरशी, सगळं निळंशार झालं. पुडीत कपड्यांची नीळ होती.

"हे काय दिलंस मला?" मोहनराव बायकोवर गरजले.

इंदिराबाई त्यांच्याकडे वळल्या. पण बघत होत्या त्या त्यांच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे.

"काय झालं? गोदा, काय सांडलं गं?"

 मोहनरावांनी निळा हात बायकोच्या डोळ्यांसमोरून हलवला. तिची पापणी लवली नाही.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून अंधुक होत होतं. आता नाहीच."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय झालं असतं?" इंदिराबाईंचा आवाज चढला. चाळीस वर्षांत तो असा चढला नव्हता. "दुसऱ्या दिवशी स्वैपाकीण आणली असती तुम्ही. मला घासूनपुसून खुर्चीत बसवलं असतंत, या कपाटासारखं! चरे गोदानेच पाडले, मी पाडायला लावले. कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली, म्हणून ती मुकाट ऐकून घेत होती. औषधाला तीन, निळीला दोन. काल तुम्ही ते बुजवलेत. आज सकाळी मोजून खण काढला, आणि चुकले."

"अगं, पण कपाटावर चरे..."

"मामंजींनी कोरलेले होते ते. वाफेने डोळ्यांना धारा लागायच्या त्यांच्या, म्हणून प्रत्येक खणाला हाताला कळेल अशी खूण. तुम्ही सुताराकडून भरून घेतल्यात, त्या याच. मी तिथेच पुन्हा पाडून घेतल्या."

मोहनरावांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. बापाने जन्मभर रंगापासून जपलेली बोटं होती ती. मग त्यांनी खाली वाकून कालपासून तिथेच पडलेल्या आपल्या अवजारांच्या डब्यातला चाकू काढला, उघडला आणि मूठ पुढे करून गोदासमोर धरला.

"औषधाला तीन," ते म्हणाले. "आणि खोल पाड, गोदाबाई. मला पुन्हा बुजवता येऊ नयेत, इतके खोल."