मानेवरचा डाग

शर्वरीच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे पाच डाग होते: तीन पाठीवर, एक पोटावर, एक मांडीवर. यंत्राने पुन्हा मोजले. पाचच.

“आजार आहे असं धरायला सहा लागतात,” तंत्रज्ञ म्हणाला. “त्याशिवाय नसेवरची गाठ विरघळवायचं इंजेक्शन मिळत नाही.”

“अहो, बाबांना हाच आजार होता. माझं जनुक तपासा ना!”

“जनुक वाचायला बंदी आहे, ताई. आजार कळला की लग्नं मोडायची, म्हणून तर कायदा आला. आता फक्त कातडी बघायची.”

“सहावा मानेवर होता. या माझ्या आईनं लेझरनं काढायला लावला.”

“सातारची मंडळी बघायला येणार होती,” आई पुटपुटली. “डाग मिरवत बसणार होतीस त्यांच्यासमोर?”

“आणि आतली गाठ हात घेऊन जाईल, ते चालेल मंडळींना?”

“हळू बोल गं.”

“जुना फोटो आहे माझ्याकडे,” शर्वरी तंत्रज्ञाला म्हणाली.

“फोटो चालत नाही. डाग अंगावर हवा.”

त्याने नेहमीप्रमाणे पकड मोजायचं यंत्र तिच्या हातात दिलं. तिने दातओठ खाऊन दाबलं.

उजवा हात सव्वीस किलो. डावा चार.