रोलमधला राखून ठेवलेला फोटो

“रोजचे फोटो तुझ्या डिजिटलवर काढ. पण उज्वलाचा माझ्या रोलच्या कॅमेऱ्यावरच काढायचा,” मामंजींनी अंथरुणावरून बजावलं होतं. मी हो म्हटलं होतं.

उज्वलाताई माझ्या थोरल्या जाऊबाई. मामंजींचं शेवटपर्यंत सगळं त्यांनीच केलं. ते गेले तेव्हा रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता. तो मी सप्तशृंगीच्या गडासाठी राखून ठेवला.

आज पूजा झाल्यावर नेमाप्रमाणे डिजिटलवर देव्हारा टिपला आणि पुरण घाटणाऱ्या ताईंनाही.

“बघू, बघू! अगं बाई, माझ्यापेक्षा पातेलं बरं दिसतंय. पूस आधी.”

दरवेळेसारखा पुसला. म्हणून तर घरात त्यांचा एकही फोटो नाही.

“ताई, गोड झालंय का बघू?”

“नैवेद्याचं आहे ना? आधी चाखायचं नसतं गं. मनापासून करायचं आणि ठेवायचं.”

तेव्हा मामंजींचं म्हणणं उमगलं. रोलवरचा फोटो काढल्या काढल्या बघता येत नाही, आणि पुसता तर येतच नाही.

मी देवघरात येऊन गडाच्या दिशेने हात जोडले, तिथे ठेवलेला मामंजींचा रोलचा कॅमेरा पदराखाली घेतला आणि पाय न वाजवता स्वयंपाकघराकडे निघाले.