दहा सेकंद मागे

वाटण्या झाल्या, घराच्या मधोमध भिंत आली आणि आई धाकट्याकडे गेली. तो छपरावरच्या अँटेनावर फुकटचं चॅनल बघतो. मी दरमहा पैसे भरून इंटरनेटवर मॅच बघतो. चित्र लखलखीत, पण त्याच्यापेक्षा दहा सेकंद मागे. त्यामुळे माझ्याकडे बॉल अजून मैदानाच्या मध्यावर असतो आणि पलीकडून दोन बोटं तोंडात घालून मारलेली शिटी येते. म्हणजे गोल झाला. माझ्या मॅचची माती.

सेमीफायनलला तिसरी शिटी आली आणि माझं डोकं सटकलं. पाना उचलला आणि त्याच्या दारावर लाथ घातली.

"शिट्या कोण मारतं रे?"

त्याने एकदा आत वळून पाहिलं, बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. "मीच, दादा."

पहिल्या फटक्यात ओठ फाटला, दुसऱ्यात पुढचे तीन दात उंबऱ्यावर पडले. त्याने हातसुद्धा उचलला नाही. "आता मार शिटी," म्हणालो आणि पाना त्याच्याच शर्टाला पुसला. घरात त्याने जिन्यावरून पडलो असं सांगितल्याचं बायकोकडून कळलं. म्हटलं, जिरली.

आज फायनल. पाय पसरून निवांत बसलो होतो. शेवटची पाच मिनिटं राहिली होती, बॉल अजून आमच्याच गोलकीपरच्या हातात होता, आणि भिंतीपलीकडून तीच शिटी आली. तेवढीच कडक.



लहानपणी आम्हा दोघांना अशी शिटी मारायला आईनेच शिकवलं होतं.