आठवड्याचाच तर प्रश्न

सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून दोघं कुठे गेलीच नव्हती. यंदा मात्र नवऱ्याने भूमध्य समुद्राकाठी हॉटेल ठरवलं. रद्द केलं तर छदामही परत मिळणार नव्हता. "आठवड्याचाच तर प्रश्न आहे, आई," म्हणत त्याने सांभाळायला एक मावशीही शोधल्या.

निघायच्या सकाळी सून चहा घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेली आणि भरला कप तसाच घेऊन बाहेर आली. नवऱ्याने तिचा चेहरा पाहिला, डोळे पुसले, मग घड्याळ पाहिलं आणि मावशींना फोन लावला.

"मावशी, तुम्ही येऊ नका. आईलाही बरोबर नेतोय."

"असा मुलगा मिळायला पुण्य लागतं हो," मावशी गहिवरल्या.



बिलाच्या धास्तीने सासूबाईंना कधीच लावू न दिलेला एसी सुनेने सोळावर ठेवला आणि त्यांच्या खोलीचं दार अलगद ओढून घेतलं.